थर्मल प्रिंटर: शाई कुठे असते आणि पावती कोरी का पडते

प्रश्न थोडक्यात असा होता: “काउंटरवर बिलांसाठी थर्मल प्रिंटर घ्यायचा विचार आहे. त्यात शाई नसते म्हणतात, मग तो छापतो कसा? आणि काही महिन्यांनी पावती कोरी पडते, तो दोष प्रिंटरचा की आणखी कशाचा? घ्यावा की नको?”

हे प्रिंटर उघडणं, पुसणं, हेड बदलणं हे माझं रोजचं काम आहे, आणि ते करत बरीच वर्षं गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

शाई असते, पण ती कागदात असते. प्रिंटर फक्त कागदाला नेमक्या जागी चटका देतो. एवढं लक्षात ठेवलंत तर या यंत्राचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष तुमचे तुम्हालाच उलगडतील.

थर्मल रोलचा कागद म्हणजे साध्या कागदावर एका बाजूने चढवलेला लेप. लेपात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली ल्युको डाय, म्हणजे एरवी रंगहीन असणारा आणि आम्लाशी गाठ पडली की रंग धरणारा पदार्थ. दुसरी ते सौम्य आम्ल, त्याला डेव्हलपर म्हणतात. तिसरा मेणासारखा पटकन वितळणारा एक पदार्थ, जो या दोघांची भेट घडवून आणतो. नेहमीच्या तापमानाला हे सगळे सूक्ष्म घन कणांच्या रूपात शेजारीशेजारी पडून असतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. चटका बसला की लेप तेवढ्या जागी वितळतो, डाय आणि आम्ल एकत्र येतात, डायच्या रेणूतलं एक बंद कडं उघडतं आणि तो रेणू प्रकाश शोषू लागतो. आपल्याला काळा ठिपका दिसतो. जागा लगेच थंड होते आणि ते मिश्रण तसंच थिजून राहतं. ‘थिजून राहतं’ हा शब्द मुद्दाम वापरला, कारण ही जोडी कायमची बांधलेली नसते. पुढे पावती कोरी का पडते, याचं मूळ इथेच आहे.

घरी करून बघायचं असेल तर कुठल्याही पावतीवर नखाने जोरात ओरखडा मारा. घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटेल. उलट बाजूवर उमटणार नाही. रोल उलटा बसवल्यावर कोरे कागद बाहेर येतात ते याचमुळे. “नवीन प्रिंटर छापतच नाही” अशा तक्रारींपैकी निम्म्यांचा निकाल मी फोनवर, नखाचा ओरखडा मारायला सांगूनच लावतो.

आता चटका देणारा भाग. प्रिंट हेड म्हणजे सिरॅमिकची एक अरुंद पट्टी, तिच्यावर वीज गेली की तापणाऱ्या अतिसूक्ष्म रोधकांची (रेझिस्टरची) एकच रांग आणि वरून काचेसारखं कठीण संरक्षक आवरण. नेहमीच्या बिल प्रिंटरात एका मिलिमीटरला ८ रोधक असतात, त्यालाच २०३ डीपीआय, म्हणजे एका इंचात २०३ ठिपके, म्हणतात. ८० मिलिमीटर रुंदीच्या रोलवर छपाईची रुंदी साधारण ७२ मिलिमीटर, म्हणजे ५७६ ठिपके. ५८ मिलिमीटरच्या छोट्या रोलवर ४८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ ठिपके. हेड जागचं हलत नाही. समोर रबरी रूळ असतो, तो कागद हेडवर दाबून धरतो आणि पुढे सरकवतो. अक्षर म्हणजे अशा ठिपक्यांच्या एकाखाली एक पडलेल्या ओळी.

वेगाचा हिशोब मला अजूनही गमतीचा वाटतो. प्रिंटर सेकंदाला २०० मिलिमीटर कागद काढत असेल, तर सेकंदाला १६०० ओळी छापल्या जातात. एका ओळीच्या वाट्याला येतात फक्त ०.६ मिलिसेकंद. तेवढ्यात रोधकाने तापायचं, कागदाला चटका द्यायचा आणि पुढच्या ओळीत ती जागा पांढरी ठेवायची असेल तर निवायचंसुद्धा. म्हणून चांगल्या प्रिंटरची इलेक्ट्रॉनिक्स प्रत्येक ठिपका मागच्या काही ओळींत तापला होता की नाही, याची नोंद ठेवते. आधीच गरम असलेल्याला थोडा कमी वेळ वीज, थंड असलेल्याला थोडा जास्त. शिवाय हेडचं एकूण तापमान मोजायला एक थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा छोटा भाग, असतो. हे काम नीट होत नसेल तर अक्षरांच्या खालच्या कडेला धूसर शेपट्या येतात. दोन वेगवेगळ्या किमतींचे प्रिंटर बाहेरून सारखे दिसतात, पण फरक बऱ्याचदा या न दिसणाऱ्या भागात असतो.

विजेचाही हिशोब बघा, कारण तिथे माणसं फसतात. समजा हेड २४ व्होल्टचं आहे आणि एका रोधकाचा रोध ६५० ओहम आहे. एका ठिपक्याला सुमारे ३७ मिलिअँपिअर लागतात. पूर्ण काळी ओळ छापायची म्हटली तर ५७६ ठिपक्यांना मिळून २१ अँपिअर! अडॅप्टर मात्र दोन-अडीच अँपिअरचा असतो. म्हणून प्रिंटर एकाच वेळी सगळे ठिपके तापवत नाही, गटागटाने तापवतो, आणि क्षणभराची मोठी मागणी भागवायला आत वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर असतो. मोठा काळा लोगो किंवा काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं आली की प्रिंटर मंदावतो, तो याचमुळे. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २४ ऐवजी २० व्होल्ट मिळाले तर उष्णता तीस टक्क्यांनी घटते.

एकदा एका दुकानात फिक्या छपाईची तक्रार होती. त्यांनी तीन प्रकारचे रोल बदलले होते, डेन्सिटी, म्हणजे छपाईच्या गडदपणाची सेटिंग, कमाल करून ठेवली होती, हेडसुद्धा मागवायच्या बेतात होते. मी अडॅप्टर उलटा करून वाचला तर तो दुसऱ्याच कुठल्यातरी यंत्राचा. पिन बसत होती म्हणून लावलेला. बॅटरीवरच्या छोट्या प्रिंटरात हेच बॅटरी उतरल्यावर होतं. तेव्हा छपाई फिकी आली तर आधी वीज, मग कागद, मग हेडवरची घाण, आणि हेड बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

थोडा इतिहास, कारण तो फायद्यांशी जोडलेला आहे. या तंत्राच्या सुरुवातीच्या कामात जॅक किल्बी यांचं नाव येतं. १९५८ मध्ये इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आजच्या चिपचं मूळ रूप, बनवणारे आणि त्यासाठी २००० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच किल्बी. ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होते आणि त्या कंपनीने १९७१ मध्ये थर्मल छपाईची टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडून वापरायची कीबोर्ड-प्रिंटरची यंत्रं, बाजारात आणली. मालिकेचं नाव होतं ‘सायलेंट ७००’. नावातच विक्रीचा मुद्दा होता, कारण तोपर्यंतची टर्मिनल ठोके मारून छापत आणि खोलीभर खडखडाट करत. पुढे रोलवाले फॅक्स, एटीएमच्या पावत्या, ईसीजीच्या पट्ट्या, विमान प्रवासातले बॅगांचे टॅग, वजनकाट्यावरची लेबलं असा हा प्रकार पसरत गेला.

शांतपणा हा फायदा आजही आहे, पण दुकानदाराला त्याहून मोठे फायदे दुसरे आहेत. भरायला शाई नाही, कार्ट्रिज नाही, रिबन नाही. रोल संपला की झाकण उघडा, नवा टाका, बंद करा, दहा सेकंदांत काम सुरू. इंकजेट महिनाभर पडून राहिला तर त्याची छिद्रं सुकतात, तसं इथे काही होत नाही. लेझरसारखं तापण्यासाठी थांबावं लागत नाही. हलणारे भाग म्हणजे एक मोटर, एक रूळ, फार तर कटर. त्यामुळे बिघडायला फारसं काही नसतं. चांगल्या बिल प्रिंटरच्या हेडचं आयुष्य १०० किलोमीटर कागद किंवा त्याहून जास्त सांगितलेलं असतं. २० सेंटिमीटरचं एक बिल धरलं तर ही झाली पाच लाख बिलं. अर्थात कागद धड असेल तर.

आता दोष. सगळ्यात मोठा तुम्हीच विचारलात.

पावती कोरी पडण्यात प्रिंटरचा दोष क्वचितच असतो. डाय आणि आम्ल यांची ती थिजलेली जोडी पुन्हा फुटली की डाय रंगहीन होतो. ती फोडायला तेल लागतं, हाताला लावायचं क्रीम लागतं, अल्कोहोल लागतं, चिकटपट्टीचा गोंद लागतो, आणि सगळ्यात जास्त घात करतं ते मऊ प्लास्टिक. मऊ पीव्हीसीमध्ये लवचीकपणासाठी तेलकट रसायनं घातलेली असतात, ती हळूहळू कागदात उतरतात. लोक काळजीपोटी वॉरंटीचं बिल प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरात घालतात आणि नेमकं तेच बिल आधी पुसलं जातं. ऊन आणि प्रखर उजेड हेही शत्रू. त्याच्या उलटही घडतं: कागद साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की लेप स्वतःहून काळा पडू लागतो. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली ठेवलेली पावती म्हणून करडी होते. एका गृहस्थांनी बिल टिकावं म्हणून त्याचं लॅमिनेशन करून घेतलं. गरम रुळांतून ते बाहेर आलं तेव्हा सरसकट काळं. त्यांनी ते मला दाखवायला आणलं होतं. त्यावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

महत्त्वाच्या पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा किंवा झेरॉक्स करा. मूळ पावती साध्या कागदी पाकिटात, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवा. ईसीजीची पट्टीसुद्धा बऱ्याचदा थर्मल कागदावरची असते, तिलाही हेच लागू. आधीच फिकी झालेली पावती असेल तर प्रथम फोटो काढून मोबाइलवर कॉन्ट्रास्ट वाढवून बघा, बरंच वाचता येतं. मागून हलकी उष्णता दिली की कधीकधी पार्श्वभूमी काळी होते आणि गेलेली अक्षरं पांढरट दिसू लागतात. पण हा जुगार आहे. फोटो काढल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

कागदाकागदात फरक किती असतो, हे ग्राहकाला दिसत नाही. चांगल्या कागदावर लेपाच्या वर आणखी एक संरक्षक थर असतो, तो तेल-पाण्याला अडवतो आणि हेडलाही घासू देत नाही. स्वस्त रोलमध्ये तो थर नसतो किंवा नावाला असतो. असा कागद हेडवर पांढरी भुकटी सोडतो, हेडचं आवरण घासतो, आणि लेपात क्षार जास्त असतील तर हेड गंजतं. रोलवर वाचवलेले पैसे मग हेडवर जातात.

रोल घेताना लांबीही तपासा. बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्या नळीच्या व्यासाचा वर्ग वजा करा, ०.७८५ ने गुणा आणि कागदाच्या जाडीने भागा. ५० मिलिमीटर व्यासाचा रोल, १२ मिलिमीटरची नळी आणि ०.०६ मिलिमीटर जाडी असेल तर जवळजवळ ३१ मीटर कागद येतो. त्याच आकाराच्या रोलमध्ये २५ मिलिमीटरची जाडजूड नळी घातली की साडेचोवीस मीटर. बाहेरून दोन्ही रोल सारखेच गुबगुबीत दिसतात.

रसायनांबद्दलही बोलायला हवं. डेव्हलपर म्हणून वर्षानुवर्षं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए वापरलं गेलं. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ते ढवळाढवळ करतं म्हणून युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात त्याची मर्यादा वजनाच्या ०.०२ टक्क्यांवर आणली, म्हणजे व्यवहारात बंदीच. अनेक उत्पादक मग बिस्फेनॉल एस कडे वळले, पण तेही त्याच कुळातलं असल्याने त्याच्यावरही तेच प्रश्न विचारले जातात. या कुळातली, म्हणजे फिनॉल प्रकारची, रसायनं नसलेले कागद मिळतात, ते वेगळे मागावे लागतात. एखादी पावती हातात घेतली म्हणून घाबरायचं कारण नाही. दिवसभर शेकडो पावत्या फाडून देणाऱ्या कॅशियरची गोष्ट वेगळी. सॅनिटायझरने किंवा क्रीमने हात ओले असताना हे रसायन त्वचेतून जास्त आत जातं, म्हणून हात कोरडे ठेवावेत आणि खाण्याआधी साबणाने धुवावेत. हा कागद रद्दीच्या पुनर्वापरात मिसळू नये, नाहीतर ती रसायनं पुढच्या कागदात उतरतात.

बाकीचे दोष पटकन सांगतो. रंग एकच, काळा. काळा-लाल असा दोन तापमानांवर चालणारा कागद असतो, पण तो मर्यादित कामाचा. कार्बन लावून दुसरी प्रत निघत नाही, दोनदा छापावं लागतं. साधा कागद चालत नाही. आणि भट्टीशेजारी, वाफेत हा कागद काळवंडतो, म्हणून तिथे ठोके मारणारा जुना डॉट मॅट्रिक्स अजून टिकून आहे.

देवनागरीबद्दल एक सूचना, कारण यात बरेच जण अडकतात. अनेक बिल प्रिंटरांच्या आतल्या मेमरीत देवनागरी अक्षरं नसतातच. संगणकाने नुसता मजकूर पाठवला की प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं उमटतात. जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवण्याचं काम प्रिंटरला जमत नाही. उपाय सोपा आहे: सॉफ्टवेअरने पूर्ण बिलाचं चित्र बनवून ठिपक्यांच्या रूपात पाठवायचं. थोडं हळू छापतं, पण ‘क्ष’ आणि ‘र्‍य’ नीट येतात. प्रिंटर घेण्याआधी आपल्या सॉफ्टवेअरमधून मराठी बिल काढून दाखवायला सांगा.

तुम्हाला लेबलंही छापायची असतील तर थर्मल ट्रान्सफर हा भाऊबंद माहीत हवा. हेड तेच, पण हेड आणि कागद यांच्यामध्ये एक रिबन असते. चटक्याने रिबनवरची शाई वितळून साध्या कागदावर किंवा प्लास्टिकच्या लेबलवर चिकटते. मेणाची रिबन कागदी लेबलांना पुरते. रेझिनची, म्हणजे राळेसारख्या कठीण पदार्थाची, रिबन प्लास्टिक लेबलांवर घासणं, ओल आणि रसायनं यांना पुरून उरते. मधली मेण-रेझिनची. पार्सलवरचं लेबल चार-आठ दिवस जगलं की पुरतं, तिथे रिबन कशाला? पण गोदामात वर्षभर राहणाऱ्या मालावर किंवा उन्हात ठेवायच्या पिंपावर थेट थर्मल, म्हणजे रिबनशिवाय छापलेलं, लेबल लावलंत तर पस्तावाल. एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते: वापरलेल्या रिबनवर छापलेलं सगळं उलट अक्षरांत वाचता येतं. नावं-पत्ते छापत असाल तर ती रिबन नष्ट करा, नुसती टाकू नका.

बारकोडची दिशा हाही अनुभवाचाच विषय. बारकोडच्या रेघा कागदाच्या चालीला समांतर असतील, तर प्रत्येक रेघ त्याच त्या ठराविक ठिपक्यांनी बनते. त्यातला एक ठिपका जळाला की ती रेघ वरपासून खालपर्यंत बारीक होते आणि स्कॅनर कोड वाचत नाही. कोड आडवा फिरवला तर तोच जळलेला ठिपका सगळ्या रेघांवर एक पांढरी चीर पाडतो, पण तिच्या दोन्ही बाजूंना कोड वाचता येतो. मात्र अशा मांडणीत जास्त वेगाने छापलं तर उरलेल्या उष्णतेने रेघांची मागची कड पसरते, म्हणून वेग कमी ठेवायचा. हेड बदलेपर्यंत काम चालू ठेवायला ही युक्ती कितीदा तरी उपयोगी पडली आहे.

छापलेल्या कागदावर उभी पांढरी रेघ दिसली की लगेच ठिपका मेला असं समजू नका. बऱ्याचदा तिथे गोंद किंवा भुकटी बसलेली असते. प्रिंटर बंद करा, हेड निवू द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या मऊ कापडाने किंवा कापसाच्या काडीने हेड पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच सुरू करा. ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हर, नख यातलं काही हेडला लावायचं नाही, उघड्या बोटानेही शिवायचं नाही. दर काही रोलांनी एकदा पुसलं तर पुरे. अडकलेला कागद झाकण उघडून काढा, बंद झाकणातून ओढू नका. डेन्सिटी गरजेपुरतीच ठेवा. कायम कमाल डेन्सिटीवर चालवलेलं हेड लवकर जातं आणि बारकोडच्या रेघा एकमेकींत मिसळतात.

तर घ्यावा का? बिलांसाठी हो, बिनधास्त. ८० मिलिमीटरचा, २०३ डीपीआयचा, कटर असलेला घ्या. अगदी बारीक लेबलं किंवा छोटे क्यूआर कोड छापायचे असतील तरच ३०० डीपीआयचा विचार करा. तुमचं सॉफ्टवेअर ज्या आज्ञावलीत बोलतं ती प्रिंटरला कळते का, ते विचारा. बिल प्रिंटरांत बहुधा ईएससी/पॉस ही एप्सनची पद्धत चालते. त्या मॉडेलचं हेड सुटं मिळतं का, हेही विचारून घ्या. वर्षानुवर्षं जपून ठेवायचे करार, प्रमाणपत्रं, कायदेशीर नोंदी यांसाठी मात्र लेझर प्रिंटरच बरा.

रोल ठोक भावात घेण्याआधी दोन-तीन प्रकारचा एकेक आणा आणि प्रत्येकावर एकच बिल चार वेळा छापा. एक प्रत खिडकीच्या उन्हात चिकटवा, एक पैशांच्या पाकिटात ठेवा, एक प्लास्टिकच्या कव्हरात, एक कागदी पाकिटात. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने रोलचं नाव आणि तारीख लिहा, पेनची शाई कागदात मुरून लेपाला लागू शकते. महिनाभराने सगळ्या प्रती शेजारीशेजारी मांडून बघा आणि मग ऑर्डर द्या.